पुट्टीचं डोहाळजेवण

शुक्रवार, ४ जानेवारी २०१९

पुट्टी माजावर आली आहे आणि घरातली सगळी माणसं एकदम इंग्रजीत बोलायला लागली आहेत. "शी इज इन हीट," असं सूनबाईंनी सकाळी जाहीर केलं. आमच्या ह्यांनी पूजेतून मान न वळवता घंटा जरा जोरात वाजवली. पुट्टीला इंग्रजी येत नसल्यामुळे ती पहाटेपासून दारामागे लोळून, शेपूट एका बाजूला करून, अख्ख्या लक्ष्मीपुरमला ऐकू जाईल अशा आवाजात आमंत्रण देते आहे. समोरच्या भिंतीवर कान फाटलेला बोका येऊन बसला आहे. गल्लीत त्याला गुंडप्पा म्हणतात. मुंजीच्या जेवणाला लवकर आलेल्या पाहुण्यासारखा पाय जोडून बसलाय.

ही वही मी मराठीत लिहिते, कारण या घरात ती दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही. मी बेळगावची, मराठी शाळेतली. सासर चार पिढ्या मैसूरचं. यांचं मराठी म्हणजे कानडीला दिलेली फोडणी, आणि लिहायचं झालं तर सरळ कानडीच. त्यामुळे इथे मला कुणाबद्दलही काहीही लिहिता येतं. हायस्कूलात हिंदी शिकवताना सगळी नोकरी तोंड सांभाळण्यात गेली.

तुंगाचं, म्हणजे सुनेचं, म्हणणं असं की पुट्टीचं ऑपरेशन करून टाकू. मांजर तिनेच आणलेलं, नावही तिचंच. इकडे लाडाने लहान मुलीला पुट्टी म्हणतात.

"अत्ते, डॉक्टर सांगितले, सहा महिन्यालाच करायचं होतं. आता पण लेट नाही. पिशवी काढले की माज नाही, पिल्लं नाही, पुढे गाठी होत नाही, पिशवीत रोग होत नाही. सुम्ने कशाला रिस्क?"

सासूला इकडे अत्ते म्हणतात आणि 'उगाच' ला सुम्ने. मी म्हटलं, "एकदा तरी बाळंत होऊ दे तिला. मग काढा. एक वेत झालं की तब्येत सुधारते. बाईच्या जातीला एवढं तरी सुख नको?"

मी हे मांजराबद्दल म्हटलं. तुंगाने माझ्याकडे असं बघितलं की मी कुणाबद्दल म्हटलं ते मला पुन्हा तपासावं लागलं. मांजराबद्दलच म्हटलं होतं. लग्नाला पाच वर्षं झाली आहेत या दोघांच्या, हा योगायोग.

रविवार, ६ जानेवारी

सकाळी दोसे केले. सगळे एकत्र होते म्हणून मी सहज विषय काढला. ऑपरेशन करायचंच असेल तर गुंडप्पाचं करा. गड्याचं सोपं, पोट फाडायला नको. शिवाय भिंतींना वास मारणं, मारामाऱ्या करणं, आठ-आठ दिवस गाव भटकणं, सगळंच थांबेल.

चिदंबरला, म्हणजे आमच्या मुलाला, ठसका लागला. पाणी प्यायला, आणि म्हणाला, "अम्मा, बोक्याचं वेगळं ग. त्याचं पूर्ण काढतात. माणसाचं तसं नसतंय. नुसती नळी कट करून बांधतात, दहा-पंधरा मिनिटं. दोन दिवस बर्फ लावायचा, मग आरामात ऑफिस."

"माणसाचं कोण विचारतंय?"

"नाही, सुम्ने सांगितलो. जनरल नॉलेज."

तुंगा चटणी आणायला आत गेली. चटणीचं भांडं समोर भरलेलं होतं.

चिदू यूट्यूब फार बघतो. बिचाऱ्याला दोन वर्षांपूर्वी त्याच्या कडकोळच्या कारखान्यातल्या मॅचमध्ये भलत्याच जागी चेंडू लागला होता. बर्फाची पिशवी घेऊन दोन दिवस पडून होता, मला जवळ येऊ देईना. तेव्हापासून असला विषय निघाला की तो कावराबावरा होतो. नाजूक जागेला काही इजा झालेली नसू दे, म्हणून मी नंजनगूडच्या देवाला नवस बोलले होते. तो अजून फेडलेला नाही, कारण निकालच लागलेला नाही.

दुपारी मागच्या दाराची कडी कुणीतरी काढून ठेवली होती. कुणी, ते लिहीत नाही. पुट्टी गेली ती संध्याकाळी आली, अंगभर माती आणि तोंडावर समाधान. तुंगा म्हणाली, "कडी मी घातली होती, अत्ते." मी म्हटलं, जुनं दार आहे, वाऱ्याने निघते.

शुक्रवार, २५ जानेवारी

तुंगा ऑफिसच्या कामाला चार आठवडे पुण्याला गेली. चिदूपेक्षा जास्त वेळ पुट्टीला कुरवाळून गेली. मला दहादा सांगितलं, जेवली नाही तर किंवा जास्त पाणी प्यायला लागली तर लगेच नजरबादच्या डॉक्टरांकडे न्या, सुम्ने घरी ठेवू नका. फ्रिजवर त्यांचं कार्ड लावून गेली. मी तिला शतावरी कल्पाचा नवा डबा दिला. रोज रात्री दुधातून देते मी तिला, वर्ष झालं. मुकाट पिते. चव छान आहे म्हणते.

दुपारी भजन आमच्याकडे. वेदवतीबाई आमच्या मंडळाच्या अध्यक्षा. देवाच्या खालोखाल त्यांनाच सगळं माहीत असतं. भजन संपायच्या आत म्हणाल्या, "अंबुजाबाई, सुनेचं काय? पाच वर्षं म्हणजे थट्टा नव्हे. सुब्रह्मण्याला जाऊन नागप्रतिष्ठा करून घ्या की."

मी म्हटलं, बघू. या उपायांचा मला अनुभव आहे. चिदूच्या पाठीवर दुसरं व्हावं म्हणून मी काय कमी केलं? औदुंबराला प्रदक्षिणा घालून घालून पाय सुजले. ह्यांनीही कधी अडवलं नाही, उलट रोज सकाळी स्कूटरवरून देवळापर्यंत सोडायचे. तरी काही झालं नाही. देवाच्या मनात नसेल तर काय करणार.

शनिवार, ९ फेब्रुवारी

पुट्टीला दिवस गेले! पोट दिसायला लागलं. सगळी लक्षणं आहेत: जेवण नको, सकाळी उलटी, दिवसभर झोप, आणि सारखं पाणी. वाटीतलं संपलं की बादलीत तोंड घालते. मला चिदूच्या वेळी अगदी असंच होत होतं.

तुंगाने फोनवर विचारलं, जेवते का? मी म्हटलं, मजेत आहे. तिला एकदम दाखवायचं आहे.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

डोहाळजेवण करायचं ठरलं. पुट्टीचं. ही कल्पना अर्धी माझी आणि अर्धी वेदवतीबाईंची. गंमत म्हणून निघाली, पण वेदवतीबाईंच्या डोक्यात आलेली गंमत फार वेळ गंमत राहत नाही. डोहाळकरणीच्या ओटीतलं फळ मूल हवं असलेल्या बाईच्या ओटीत घातलं की वर्षाच्या आत पाळणा हलतो, ही आपल्याकडची जुनी पद्धत. त्यांनी विचारलं, "डोहाळकरीण माणूसच पाहिजे म्हणून कुठे लिहिलंय?" कुठेच लिहिलेलं नाही. तुंगा २२ तारखेला येते. तोच दिवस धरला.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मांजराची ओटी भरणार? मडीच्या, सोवळ्याच्या घरात?" मी म्हटलं, वसुबारसेला गाईची पूजा करता ती? मग म्हणाले, मठात विचारून सांगतो. विचारणार नाहीत. मठात जाऊन हा प्रश्न तोंडाने उच्चारायची त्यांची छाती नाही.

चिदूचं मात्र कळत नाही. म्हणाला, "अम्मा, बेडा. नको. तुंगाला आवडणार नाही."

"का आवडणार नाही?"

"सुम्ने."

"सुम्ने म्हणजे काय? तुला मूल नको का?"

तो गाडी धुवायला निघून गेला. सकाळीच धुतलेली गाडी. आपल्या बायकोत दोष निघेल अशी भीती वाटत असेल बिचाऱ्याला. आईच्या मनात तसं काही नाही, उपाय करतेच आहे मी.

शनिवार, २३ फेब्रुवारी

काल लिहायला हात उचलला नाही. आज सगळं क्रमाने लिहिते.

पाच सवाष्णी जमल्या. चित्रान्न, कोसंबरी, गव्हाची खीर. पुट्टीला पाटावर बसवलं, अंगावर हिरवा खण घातला, गळ्यात मोगऱ्याची माळ, कपाळावर कुंकू. एरवी पाटावर ठेवली तर नखं काढते. काल निमूट पडून राहिली, वेदवतीबाईंनी ओवाळलं तरी हलली नाही. मी सगळ्यांना सांगितलं, बघा, गर्भारपणात कशी शहाणी होते बाई. डोळे अर्धे मिटलेले होते. मला वाटलं, लाजते आहे.

एवढ्यात तुंगा आली. पाठीवर बॅग, जीन्स, कुर्ता, ओढणी, प्रवासाने दमलेली. तिला काही कळायच्या आत वेदवतीबाईंनी हात धरून पुट्टीशेजारी बसवलं, तिची ओढणी पसरली, आणि पुट्टीच्या पुढचा नारळ आणि केळी उचलून तिच्या ओटीत टाकली. "पुढच्या वर्षी याच पाटावर तू!" आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मला वाटलं होतं तुंगा लाजेल, फार तर रागावेल. तिने आमच्याकडे बघितलंच नाही. नारळ बाजूला ठेवला, खण काढून पुट्टीच्या पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "अत्ते, ही जेवून किती दिवस झाले?"

"डोहाळे आहेत ग. पाणी भरपूर पिते."

"पाणी पिते," ती म्हणाली, आणि उठलीच. फुलांची परडी रिकामी करून तिच्यात पुट्टीला ठेवलं. वेदवतीबाई म्हणाल्या, "अय्यो, ओटी मोडू नये, अपशकुन!" तुंगा त्यांना म्हणाली, "दार सोडा, आंटी." ती इतक्या थंडपणे काही बोलते हे मला माहीत नव्हतं. मी नारळ-केळी पिशवीत कोंबली आणि तिच्यामागे रिक्षात बसले. ओटीची वस्तू मागे टाकून कशी जाणार?

नजरबादच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, तुंगापेक्षाही लहान. पुट्टीच्या कपाळावरचं कुंकू आणि मोगरा बघून म्हणाल्या, "कुणाचं लग्न होतं?"

"सीमंत होतं," तुंगाने सांगितलं. "हिचंच."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी पोटावर मशीन फिरवलं. मी चष्मा लावून पडद्यात पिल्लं शोधत होते. काळ्या मोठ्या पिशव्या दिसत होत्या. मी विचारलं, किती आहेत हो? त्या म्हणाल्या, एकही नाही. गर्भाशयात पू भरला आहे. बाहेर यायला वाट नाही, म्हणून आतच साठत गेला आहे. पाणी जास्त पिणं, न जेवणं, उलट्या, सगळं त्याचंच. आता सलाईन लावून, जरा सावरली की लगेच पोट उघडून पिशवी काढायची. निरोगी मांजराचं हे ऑपरेशन रोजचं काम असतं, सकाळी आणा, संध्याकाळी न्या. या अवस्थेत मात्र वाचेलच असं सांगता येत नाही.

मी म्हटलं, "पण एक वेत होऊ द्यावं म्हणतात ना? तब्येतीला चांगलं असतं?"

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

"मांजरं म्हणतात का?" त्यांनी विचारलं, आणि मग थोडं हळू आवाजात म्हणाल्या, "त्याला काही आधार नाही, अम्मा. उलट पहिल्या माजाआधी काढलेलं सगळ्यात चांगलं. पिशवीच नसली तर हा रोग होणार कुठे? स्तनांच्या गाठींचीही भीती पुष्कळ कमी होते. आधी का नाही केलंत?"

तुंगाने माझ्याकडे बोट दाखवलं असतं तर मी काही बोलू शकले नसते. "राहून गेलं, डॉक्टर," ती म्हणाली.

पुट्टीला आत नेलं. चिदूही कडकोळहून आला. आम्ही तिघं बाकावर, समोर एक गृहस्थ आणि त्यांचा गलेलठ्ठ कुत्रा. माझ्या हातात ओटीची पिशवी. तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! मी तुंगाच्या ओटीत कुणाचं फळ घातलं? पू भरलेल्या पिशवीचं! शुभ म्हणून मी हिच्या पदरात रोग टाकला. आता हिला मूल व्हायचं ते कायमचं राहिलं. मी तिथेच मोठ्याने रडायला लागले आणि जे डोक्यात होतं ते सगळं बोलून गेले. मी हिची ओटी नासवली, आता हिला कधी दिवस जाणार नाहीत, माझ्यामुळे.

"अम्मा, गप्प," चिदू म्हणाला. "तिला काही झालेलं नाही, होणार पण नाही. ऑपरेशन माझं झालंय."

"कसलं ऑपरेशन?"

"तेच. नळीचं."

"कधी? त्या चेंडूमुळे?"

"चेंडू नव्हता, अम्मा."

समोरचे गृहस्थ कुत्र्याचा पट्टा नीट करायच्या निमित्ताने आणखी पुढे सरकले.

चिदू जमिनीकडे बघून बोलत होता. मूल नको हे दोघांनी लग्नाआधीच ठरवलं होतं. मी मंडळाबरोबर सहलीला गेले त्या दिवशी त्याने ऑपरेशन करून घेतलं. पुढे रोज सांगायचं ठरवत होता, आणि रोज माझं तोंड बघून राहून जात होतं. मी तुंगाला विचारलं, तू का नाही सांगितलंस?

"त्याची आई. त्याने सांगायचं. दोन वर्षं मागे लागले होते याच्या."

दोन वर्षं. त्यात नागप्रतिष्ठा, वेदवतीबाईंची प्रवचनं, रात्रीचं शतावरीचं दूध, आणि काल मांजराच्या ओटीतली केळी. सगळं ही पोरगी गिळत होती आणि माझा दिवटा गाडी धूत होता. मी हातातली पिशवी त्याच्या पाठीत घातली. पिशवीत नारळ होता हे मला आठवलं नाही. डॉक्टरीणबाईंचा मदतनीस आतून धावत आला, काय पडलं म्हणून.

ऑपरेशन झालं. पुट्टी अजून शुद्धीवर नीट नाही, तिथेच ठेवली आहे. वाचली तर मी... नवस बोलायला गेले आणि थांबले. माझ्या नवसांचा हिशोब बघता न बोललेलं बरं.

रविवार, २४ फेब्रुवारी

फोन नाही. हे पूजा अर्ध्यात सोडून बाहेर येतात आणि विचारतात, "बेक्कूचं काय?" मांजर हा शब्द तोंडातून जाईना, म्हणून कानडीत.

मला ती मेलेली नको आहे. कडी मी काढली होती. कार्ड फ्रिजवर होतं. रोज दूध काढताना माझ्या नाकासमोर होतं.

सोमवार, २५ फेब्रुवारी

जेवली! दोन घास, पण स्वतःहून. तुंगाने फोन ठेवला आणि माझ्या गळ्यात पडली, मग आठवण झाल्यासारखी बाजूला झाली.

आज ह्यांना चिदूचं सांगितलं. मला वाटलं, आकाशपाताळ एक करतील. वर्तमानपत्र खाली ठेवून विचारलं, "रजा मिळाली का त्याला?"

"रजेचं काय घेऊन बसलात?"

"नाही, आमच्या वेळी सरकारी ऑफिसात स्पेशल रजा द्यायचे. पगारी."

"तुम्हाला कसं माहीत?"

"जनरल नॉलेज," म्हणाले, आणि वर्तमानपत्र परत तोंडासमोर धरलं. बाप-लेकाचं जनरल नॉलेज अगदी सारखं आहे. वंश चालायचा थांबला तरी ह्यांना रजेची पडलेली. सरकारी नोकरीने माणूस असा होतो.

गुरुवार, २८ फेब्रुवारी

पुट्टी घरी आली. पोटावरचे केस काढलेले, टाके चाटू नयेत म्हणून गळ्याभोवती प्लॅस्टिकचा कर्णा. त्याच्यासकट दाराला, खुर्चीला, ह्यांच्या पायांना धडकते. वजन अर्धं झालंय. मला बघून म्याव म्हणाली. माझ्यावर राग धरला असता तर मला बरं वाटलं असतं.

शुक्रवार, १ मार्च

मंडळ आमच्याकडे. तुंगा घरून काम करत होती, आतल्या खोलीत. वेदवतीबाई आल्या आल्या सुरू झाल्या. "मी सांगितलं नव्हतं, ओटी मोडू नये म्हणून? आता नागप्रतिष्ठेशिवाय इलाज नाही. सुनेला घेऊन..."

मी टाळ खाली ठेवले. म्हटलं, "वेदवतीबाई, ऑपरेशन आमच्या चिदंबरने करून घेतलं आहे. त्या दोघांना मूल नको आहे. तुंगाच्या ओटीत यापुढे कुणी काही घालायचं नाही. घालायचंच असेल तर चिदूच्या घाला."

पेटी वाजवणाऱ्या बाईंचा हात स्वरावरच राहिला आणि तो स्वर हवा संपेपर्यंत वाजत राहिला. वेदवतीबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "अय्यो देवरे! म्हणजे, त्या गल्लीतल्या बोक्यांचं करतात तसं?"

"छे हो. नुसती नळी बांधतात. दहा-पंधरा मिनिटांचं काम. वामनरावांना विचारायचं असेल तर चिदूचा नंबर देते."

वामनराव म्हणजे त्यांचे यजमान, वय वर्षं बहात्तर. आज भजन लवकर आटोपलं. आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज येत होता, पण तो खोकला नव्हता.

मंगळवार, १२ मार्च

टाके निघाले. पुट्टी आता दिवसाला चारदा जेवायला मागते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशननंतर भूक वाढते आणि हालचाल कमी होते; जाडी होतात ते खरं आहे, पण वाटी तुमच्या हातात आहे. ह्यांनी तिला नैवेद्याचं दूध देताना मी स्वतः पकडलं. गुंडप्पा अजून भिंतीवर येतो. पुट्टी खिडकीत बसून त्याच्याकडे ओळख नसल्यासारखी बघते. तुंगा म्हणाली, पुढच्या महिन्यात त्यालाही पकडून नेणार. चिदू म्हणाला, मी येणार नाही.

रविवार, १७ मार्च

आज लिहायला अवघड आहे.

मला नातवंड होणार नाही. महिना होत आला, कागदावर उतरवलं नव्हतं. इतके दिवस पुट्टीचं औषध, पुट्टीचे टाके, मंडळाची जिरवणं, यात दिवस गेले. आज दुपारी मागच्या पायरीवर तांदूळ निवडत होते आणि एकदम रडू आलं. कुणावर राग नाही. चिदूची चूक नाही, तुंगाची नाही. मला हवं होतं, एवढंच. हात रिकामे वाटतात.

तुंगा पुट्टीला घेऊन बाहेर आली. मी डोळे पुसले, म्हटलं, तांदळाची धूळ. ती शेजारी पायरीवर बसली. पुट्टीला मधे ठेवलं.

"रडा अत्ते," ती म्हणाली. "लपवू नका. मी पण रडले होते."

"तू? तुला तर नकोच होतं."

"नकोच होतं. आता पण नको. तरी रडू आलं की. याचं ऑपरेशन झालं त्याच दिवशी, एकदाच. हा आत झोपला होता, मी स्वयंपाकघरात. मग बेल वाजली, तुम्ही बैलकुप्प्याहून परत आलात. तोंड धुऊन दार उघडले."

बैलकुप्पे. मंडळाची सहल, तिबेटी लोकांचं सोन्याचं देऊळ.

"तुम्ही चप्पल पण काढला नव्हता. दारातच माझ्या हातात टोपी दिलीत."

आणि मला आठवलं. देवळाबाहेरच्या दुकानात घेतलेली लोकरीची टोपी, लाल, गोंड्याची, मुठीएवढी. "टोपी मी आणली, आता डोकं तेवढं तू आण," असं म्हणाले होते मी. माझ्याच विनोदावर उंबऱ्यात उभी राहून केवढ्याने हसले होते. तीही हसली होती. छान आहे म्हणाली होती, आणि मला पाणी आणून दिलं होतं.

मला माझ्या तोंडाची अशी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. तिचा हात हातात घेतला, सोडवेना. मग विचारलं, "टाकून दिलीस ना ग ती?"

"नाही की," तुंगा म्हणाली. "कपाटात आहे. तुम्ही माझ्यासाठी आणलेली ना."